लाल चौकोनाची सोयरीक

माझं लग्न एका चित्रामुळे जमलं. माझ्या फोटोमुळे नव्हे; तो पाहून दोन स्थळं परत गेली होती. हे चित्र विलायती होतं, काचेत मढवलेलं, आणि त्यात माणूस नाही, झाड नाही, साधी शेळीसुद्धा नाही. पांढऱ्यावर उभ्या-आडव्या काळ्या पट्ट्या, त्यांच्यामधून पडलेले चौकोन. त्यातला एक मोठा चौकोन लालभडक, त्याला खेटून एक छोटासा निळा, कडेला एक पिवळी पट्टी आणि बाकी सगळं कोरं. झालं चित्र! आमच्या शाळेतली पहिलीची पोरं पाटीवर यापेक्षा बरं घर काढायची, आणि त्यांच्या घराला निदान दार तरी असायचं.

आम्ही ख्रिस्ती. कोल्हारपासून दोन कोसांवर प्रवरेच्या काठी मिशनचं आवार होतं. त्यात शाळा, चर्च, मिससाहेबांचा बंगला, आमच्या दोन खोल्या, आणि मागे थेट नदीपर्यंत गेलेली मिशनची शेतजमीन. त्या जमिनीत एक विहीर होती, भर उन्हाळ्यातसुद्धा न आटणारी. माझे वडील शाळेचे हेडमास्तर. खरं बोलण्याबद्दल त्यांचा मोठा लौकिक होता. पोरगं खोटं बोललं की त्याला पाटीवर ‘मी खोटे बोलणार नाही’ असं शंभर वेळा लिहायला लावत. पाटी भरली की पुसायची आणि पुन्हा लिहायचं. गावातली निम्मी पोरं साक्षर झाली ती या एका वाक्यावर.

लढाई संपली, गोरे जाणार हे नक्की झालं, आणि तीस वर्षं आमच्यात काढलेल्या मिससाहेबही कायमच्या मायदेशी निघाल्या. जाण्याआधी बंगल्यातलं सामान मंडळींना वाटून टाकायचं असा मिशनचा रिवाज होता. त्या दिवशी व्हरांड्यात अख्खी मंडळी हजर! एरवी उपासनेला डुलक्या काढणारेही सकाळपासून ताठ बसलेले. कुणाला किटली मिळाली, कुणाला मच्छरदाणी, कुणाला वेताची खुर्ची. भिंतीवरचं मोठं घड्याळ मिळालं पाळकसाहेबांना.

आता, ते घड्याळ माझ्या वडिलांचं होतं. म्हणजे मनातल्या मनात. वर्षानुवर्षं दर शनिवारी बंगल्यावर जाऊन त्याला किल्ली ते देत. घरी त्याच्यासाठी भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता. पाळकसाहेब घड्याळ काखेत मारून निघाले, तेव्हा वडिलांचा चेहरा बघवत नव्हता. मग मिससाहेबांनी ते चित्र आणून त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, “मास्तर, हे माझं सगळ्यात आवडतं. याच्याकडे पाहिलं की मला शांत वाटतं. तुम्ही शिकलेले. हे तुम्हालाच कळेल.”

संपलं! शिकलेले म्हटल्यावर वडिलांना ‘मला कळत नाही’ म्हणायची सोय राहिली नाही. त्यांनी मान डोलावली, थँक्यू म्हटलं आणि चित्र छातीशी धरून घरी आले.

आईने ते उलटंसुलटं करून पाहिलं. “वाकळेचं ठिगळ काचेत घालून दिलं होय? एवढा कसला राग होता बाईंचा आपल्यावर?”

“तुला काय कळतंय त्यातलं?” वडील म्हणाले.

“तुम्हाला कळतंय ना? मग सांगा.”

“सांगेन. सावकाश सांगेन.”

घड्याळाच्या खिळ्यावर चित्र लागलं. पण ते सरळ लागायला दोन दिवस गेले, कारण त्याची वरची बाजू कुठली हेच कुणाला ठरवता येईना. मागे कडी होती, पण ती विलायती कडी, तिच्यावर वडिलांचा भरवसा नव्हता. मिससाहेबांकडे ते कसं टांगलेलं होतं हे घरात कुणाला आठवेना. वडिलांनी तीस वर्षं त्या भिंतीवर फक्त घड्याळ पाहिलेलं. शेवटी त्यांनी निकाल दिला की प्रभू पित्याच्या उजव्या हाताला बसला आहे, म्हणून लाल चौकोन उजवीकडे यायला हवा. मग नवी कडी ठोकली, दोऱ्याला कुलूप बांधून ओळंबा धरला, आणि मी समोरच्या भिंतीला पाठ लावून ‘थोडं वर, थोडं खाली’ असं ओरडत बसले. त्या दिवसापासून रोज सकाळी शाळेत जाताना वडील पट्टी लावून ते सरळ आहे की नाही हे तपासायचे.

घड्याळाची टोचणी लागून असेल, पण पहिल्याच आठवड्यात पाळकसाहेब आले. चहा पीत पीत बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मास्तर, याचा अर्थ काय हो?”

वडील याचीच वाट बघत होते. “लाल म्हणजे प्रभूचं रक्त. निळा स्वर्ग. पिवळं म्हणजे नव्या यरुशलेमेचं सोनं. काळं ते पाप.”

“आणि हे पांढरं? हे तर नुसतं रिकामं आहे.”

“तिथे आपण,” वडील म्हणाले.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी हाच अर्थ उपदेशात सांगितला, अगदी शब्दाला शब्द, आणि मास्तरांचं नावही घेतलं नाही. वडील घरी येऊन टोपी आपटत म्हणाले, “घड्याळ घेतलं ते घेतलं, अर्थही घेतला!” मी तोंडात पदर कोंबून हसले. तेव्हा मला सगळ्यांचंच हसू यायचं. बावीस वर्षांची, लग्न न जमलेली मुलगी दुसरं करणार काय?

खरा घोळ घातला तो आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने. त्यांच्या शेताचा बांध मिशनच्या जमिनीला लागून होता. मी त्यांना काका म्हणायची. ते एक अर्ज लिहून घ्यायला वडिलांकडे आले आणि अर्ज राहिला बाजूला. चित्रासमोर उभे राहिले, मान इकडे कलती केली, तिकडे कलती केली. हा माणूस उभा जन्म चावडीतला जमिनीचा नकाशा बघत आलेला. त्यांनी काचेवर बोट टेकवलं.

“मास्तर, ह्यो नकाशा तुमच्याकडं आला व्हय? ह्यो गाडीरस्ता. ह्यो आमचा बांध. ही नदीकडची पट्टी, आन् ही निळी, हीर. म्हंजी हिरीचा लाल तुकडा तुमाला दिला का बाईनं?”

त्या दिवसांत आवई उठलेलीच होती की गोरे जाताना मिशनची जमीन ख्रिस्ती मंडळींना वाटून देणार. वडील जवळजवळ ओरडलेच, “अहो, हे चित्र आहे! नुसतं चित्र!”

“व्हय व्हय, चित्रच. आमी कुठं काय म्हनलो?” काका डोळा बारीक करून म्हणाले. “न्हाई, येक सांगून ठिवतो. तुमी मालक झाल्यावर आमचा बांध तेवढा कोरू नगा.”

ते गेल्यावर मी चित्रापुढे जाऊन उभी राहिले, आणि काय सांगू, मलाही ते दिसलं. रस्ता रस्त्याच्या जागी, नदी नदीच्या जागी, विहीर तर अगदी विहिरीवर. वडिलांनी चित्र फिरवून टांगलं नसतं, तर लाल चौकोन नेमका कबरस्तानावर आला असता आणि आमच्याकडे चिटपाखरूही फिरकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी काकांकडून वांगी आली. मग दूध यायला लागलं. मग ज्यांना मच्छरदाण्या मिळाल्या होत्या ते एकेक करून सलाम करायला येऊ लागले, आणि प्रत्येकजण आधी भिंतीकडे बघे, मग वडिलांकडे. पाळकसाहेब तर दोनदा येऊन गेले आणि पिवळ्या पट्टीची आडून आडून चौकशी करून गेले. यरुशलेमेचं सोनं एकाएकी भुईमुगाचं रान झालं होतं.

वडिलांचं उत्तर मात्र हळूहळू बदलत गेलं. पहिल्या आठवड्यात ते छातीठोकपणे म्हणत, “हा नकाशा नाही.” पुढच्या आठवड्यात, “नकाशा असेलच असं नाही.” महिन्याभरात नुसतं, “बघू.” आई वांग्याची भाजी वाढता वाढता म्हणायची, “तुम्ही कुणाला खोटं बोललात का? नाही ना? लोकांना वाटतंय ते वाटू द्या की!” वडील भाजी दोनदा घ्यायचे.

आणि मग राहुरीकडून निरोप आला.

परत गेलेल्या दोन स्थळांपैकी हे दुसरं. मुलगा नगरच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. राहुरीच्या ख्रिस्ती मेळ्यात मी त्याला गाताना पाहिलं होतं. बाकीचे डोळे मिटून गात होते. हा डोळे उघडे ठेवून बायकांच्या बाजूला बघत होता, आणि माझ्याशी नजरानजर झाली तेव्हा हसला. मला तो आवडला. आता या वयात लाजायचं कशाला? मला तो हवा होता, आणि त्याच्या बापाने माझा फोटो परत पाठवला तेव्हा मी दोन दिवस भाकरी खाल्ली नव्हती. पाठवताना निरोप काय, तर ‘पोरगी उंच हाय, आन् जीभ तिच्यापरीस लांब हाय.’ या माणसाची कोरडवाहू जमीन होती आणि पाण्याच्या जमिनीसाठी त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा. मी एकुलती एक. मास्तरचा लाल तुकडा पुढेमागे जावयाचाच होणार, एवढा हिशेब तर बैलालाही जमला असता. माझी उंची आणि जीभ दोन्ही एकदम कमी झाल्या.

ते आले रविवारी, दुपारी, उपासना आटोपल्यावर. मुलगा बरोबर होता. साक्षीला म्हणून पाळकसाहेबांनाही बोलावलं होतं. आईने वडिलांना सकाळपासून तीनदा बजावलं होतं, “विचारलं तर फक्त बघू म्हणा.” मी चहाचं ताट घेऊन मधल्या दारात थांबले होते. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. मेळ्यात हसला होता तसाच.

माझे होणारे सासरे चित्रासमोरच्या खुर्चीवर बसले. गूळ नको, पाणी नको. “मास्तर, येक इचारतो. राग मानू नगा. ह्यो नकाशा हाय का न्हाई?”

“बघू,” वडील म्हणाले.

“बघू न्हाई. पोराच्या जन्माचा सवाल हाय. लोकं काय बी बोलत्यात. तुमी खोटं बोलत न्हाई, ह्ये सगळ्या तालुक्याला ठावं हाय. तुमच्या तोंडून येक शबुद निघाला म्हंजी झालं. न्हाई म्हना, आमी चहा पिऊन सलाम करून जातो.” असं म्हणून त्यांनी कोनाड्यातलं बायबल उचललं आणि वडिलांच्या मांडीवर ठेवलं.

पाळकसाहेब वडिलांच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. वडिलांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून ‘नाही’ म्हणू शकले असते. सांगते ना, मी एरवी गप्प बसणारी मुलगी नव्हते. गावभरच्या मूर्खपणावर मी तोंडसुख घेत आले होते. एक वाक्य बोलायचं होतं: अहो, ते चित्र आहे. मी वडिलांकडे पाहिलंच नाही. मी त्या मुलाकडे पाहिलं. आणि मी कुठे बघते आहे ते वडिलांनी पाहिलं.

“हो,” वडील म्हणाले. हात बायबलवर होता. “नकाशा आहे.”

तेवढ्यावर थांबायचं की नाही! पण हाडाचे मास्तर. धडा अर्धवट सोडायची सवय नाही. ते उठले, दाराआडची छडी घेतली आणि फळ्यापुढे उभे राहिल्यासारखे सगळं समजावून देऊ लागले. हा गाडीरस्ता. हा बांध. ही विहीर. हा लाल तुकडा आमचा. आवाज जराही कापला नाही. पाळकसाहेबांनी पिवळ्या पट्टीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, “ती तुमची.” दुपारच्या एका चहात त्यांनी मला नवरा दिला आणि पाळकसाहेबांना भुईमुगाचं रान.

सासरे उठून उभे राहिले. “मंग साखर आना की!”

लग्न झालं. मी राहुरीला गेले, आणि माझ्याबरोबर ते चित्रही गेलं, कारण सासऱ्यांनी आहेरात दुसरं काही मागितलंच नाही. त्यांनी ते ओटीवर लावलं. आल्यागेल्याला ज्वारीच्या धाटाने विहीर दाखवायचे. नवरा चांगला निघाला, हे सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, बरी अद्दल घडली. तशी अद्दल काही घडली नाही.

सालभराने मिशनचा कागद आला: जमीन शाळेकडेच राहणार, कुणाला काही मिळणार नाही. मला वाटलं, आता बिंग फुटणार! पण छे. सासऱ्यांनी चित्र धोतरात गुंडाळलं, बैलगाडीत घातलं आणि तडक मामलेदार कचेरीत नेलं. तिथल्या कारकुनाने ते चारी बाजूंनी फिरवून पाहिलं आणि विचारलं, “यावर सर्व्हे नंबर कुठे आहे?” सासरे म्हणाले, “सायबाच्या नकाशाला नंबर लागत न्हाई.” तिथून ते शिव्या देत परत आले, पण शिव्या माझ्या वडिलांना नव्हत्या, साहेबलोकांना होत्या. “मास्तरासारख्या देवमानसाला फसवलं गोऱ्यांनी! लिवून दिलं आन् फिरवलं!” चित्र पुन्हा ओटीवर लागलं, आता फसवणुकीचा पुरावा म्हणून. वडिलांचा मान उलट वाढला.

पण त्याआधीच, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा, एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. महिन्याचा पहिला रविवार होता, प्रभुभोजनाचा. मनुका भिजवून काढलेला रस आणि पावाचे तुकडे रांगेतून फिरत होते. ज्याच्या मनात कबूल न केलेलं पाप असेल त्याने ताट तसंच पुढे द्यावं, असा आमच्यात दंडक आहे. देत कुणीच नाही. भाऊबंदकी, चहाड्या, दुसऱ्याचा बांध कोरणं, सगळं पोटात घालून लोक वरून तो रस पितात. ताट वडिलांसमोर आलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, खाली मान घालून जरा वेळ धरलं आणि माझ्याकडे दिलं. स्वतः काही घेतलं नाही.

घरी आल्यावर मी आईला विचारलं. “त्यांना मनुका बाधतात अलीकडे,” ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. पाळकसाहेबांनी तर पुढच्या रविवारी उपदेशात सांगून टाकलं की स्वतःला अपात्र समजणारी अशी नम्रता मास्तरांकडूनच शिकावी. लोकांनी वळून वळून पाहिलं. वडील शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखे बसले होते. मी मात्र राहुरीला दर महिन्याला पाव खाल्ला आणि रस प्याले. पुढच्या बाकावर बसून.

दोन वर्षांनी वडिलांनी अंथरूण धरलं. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी, नवरा, सासरे सगळे गेलो. एका सकाळी पाळकसाहेब प्रभुभोजनाची पेटी घेऊन घरी आले. त्यांनी प्रार्थना केली, पावाचा तुकडा मोडला आणि वडिलांच्या ओठांशी नेला. वडिलांनी ओठ मिटून घेतले.

“मास्तर, आता तरी घ्या,” पाळकसाहेब म्हणाले. “मनावर काही असेल तर बोला. इथे सगळी आपलीच माणसं आहेत.”

वडिलांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे नवरा उभा होता, सासरे उभे होते. ते माझ्याकडे परवानगी मागत होते, हे मला त्याच क्षणी कळलं. मी नुसती मान डोलावली असती, तर त्यांनी सांगून टाकलं असतं आणि तो घास घेतला असता.

“त्यांना आता गिळता येत नाही, पाळकसाहेब,” मी म्हणाले.

पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि पेटी मिटली. अर्ध्या तासापूर्वीच मी वडिलांना वाटीभर पेज भरवली होती, आणि त्यांनी ती सगळी संपवली होती.